श्रीगुरूंनी ओढलेल्या सात रेषा : एक अभ्यास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष उजाडला की घरोघरी चौरंग मांडला जातो, श्रीगुरुचरित्राची पोथी निघते आणि दत्तजयंतीच्या सप्ताहाची तयारी सुरू होते. सात दिवसांत इतके अध्याय वाचायचे म्हणजे एकेका कथेपाशी थांबायला सवड मिळत नाही. म्हणून आमच्या मंदिरात आम्ही दर गुरुवारी आरतीनंतर एक छोटा अभ्यासवर्ग चालवतो. वाचायचे थोडे, विचार करायचा जास्त, असा वर्गाचा शिरस्ता. वर्ग सांभाळण्याची सेवा गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. यंदा एकाच कथेवर आमचे चार गुरुवार गेले. ती कथा आणि त्यावर झालेला विचार या अंकाच्या वाचकांपुढे मांडतो. आपला कोण आणि परका कोण, या प्रश्नावरून आज गावे, वस्त्या, मित्रमंडळी दुभंगत आहेत. त्या प्रश्नाला ही कथा सरळ हात घालते.

कथा

श्रीनृसिंह सरस्वती गाणगापुरी, भीमा-अमरजेच्या संगमावर राहत होते तेव्हाची गोष्ट. दोन विद्वान ब्राह्मण वादविवाद करीत गावोगाव फिरत होते. राजदरबारी वेद म्हणून दाखवायचे, मानमरातब घ्यायचा आणि भेटेल त्या पंडिताला सांगायचे, 'वाद कर, नाहीतर हरलो म्हणून लिहून दे.' जयपत्रांची भेंडोळी त्यांच्याजवळ साठली होती. कुमसीच्या त्रिविक्रमभारतींकडे ते आले. त्यांनी दोघांना श्रीगुरूंपुढे आणून उभे केले. वेद अनंत आहेत, कोणालाही त्यांचा पार लागलेला नाही, असे श्रीगुरूंनी त्यांना परोपरीने समजावले. ते ऐकेनात.

एवढ्यात वाटेने एक माणूस चालला होता. पोथी त्याला 'पतित' म्हणते. गावाबाहेर राहणारा, ज्याची सावलीही लोक चुकवीत, असा. श्रीगुरूंनी त्याला जवळ बोलावले. जमिनीवर सात रेषा ओढवल्या आणि एकेक ओलांडायला सांगितले. एकेक रेषा ओलांडावी तसा त्याला एकेक मागचा जन्म आठवू लागला. सातव्या रेषेपलीकडे तो वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण म्हणून बोलू लागला. श्रीगुरूंनी त्याच्या अंगावर भस्म टाकले आणि त्या दोघांशी वाद करायला सांगितले. त्याचे वेदपठण ऐकून पंडितांची वाचा बसली. मदाचे फळ त्यांना पुढे भोगावे लागले.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना ठाऊक असते. बरेच जण सांगतानाही इथेच थांबतात. पण पोथी पुढे जाते, आणि अभ्यासाचा खरा भाग तिथेच सुरू होतो.

तो माणूस श्रीगुरूंना म्हणतो की मी ब्राह्मण होतो, आता मला माझ्या जातीत घ्या. तेवढ्यात त्याची बायको मुलांना घेऊन त्याला शोधत येते. जवळ येऊन हात लावू पाहते. तर तो मागे सरतो. मी ब्राह्मण आहे, मला शिवू नका, असे तिलाच दटावतो. ती रडत श्रीगुरूंना शरण जाते. मग श्रीगुरू एका लोभी माणसाकडून त्याला स्नान घालवतात. भस्म धुऊन जाते, त्याबरोबर आठवणही जाते. आपण इथे कसे आलो, असे नवल करीत तो बायकामुलांबरोबर घरी जातो.

रेषा कुठे आहे?

भक्तहो, क्षणभर त्या माणसाच्या जागी उभे राहा. घटकाभरापूर्वी लोक त्याला 'लांब हो' म्हणत होते. तो शब्द त्याने जन्मभर ऐकलेला. आणि वरची जागा मिळाल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट कोणती केली? तोच शब्द आपल्या बायकोला ऐकवला. तो शब्द त्याला कोणी शिकवावा लागला नाही. सातव्या रेषेपलीकडे वेद मिळाले, आणि वेदांबरोबर शिवाशिवही मिळाली.

म्हणजे कथेत रोगी तीन आहेत. दोन पालखीतून आलेले आणि एक पायी चालत आलेला. रोग एकच, मी वरचा आणि तू खालचा. हा रोग रक्तात असता तर पायी चालणाऱ्याला झाला नसता. तो जागेचा रोग आहे. वरच्या जागेवर जो बसेल त्याला तो धरतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. याचा अर्थ 'सगळेच सारखे दोषी' असा कोणी काढू नये. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या ताब्यात विहीर होती त्यांचा दोष आणि ज्यांना त्या विहिरीचे पाणी मिळाले नाही त्यांचा दोष एका मापाने मोजता येत नाही. कथा आपल्याला एवढेच सांगते की हा रोग आपल्याला होणारच नाही, अशा भ्रमात कोणी राहू नये.

आणखी एक पाहा. रेषा श्रीगुरूंनी जमिनीवर ओढवल्या. मातीतली रेषा पायाने पुसते, वाऱ्याने पुसते. वेद त्या माणसाच्या आत होतेच, रेषांनी ते फक्त वर आणले. ज्याला आपण अडाणी, बाहेरचा म्हणतो त्याच्या आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. श्रीगुरूंना दिसले.

'मग त्याला परत का पाठवलं?'

दुसऱ्या गुरुवारी वर्गातल्या एका तरुणाने हा प्रश्न विचारला. ओढ्यापलीकडच्या वस्तीतला मुलगा, तालुक्याला बँकेत नोकरीला आहे. तो म्हणाला, "काका, एवढं सगळं दाखवलं, पंडितांना गप्प केलं, आणि शेवटी त्याला होता तिथंच पाठवलं. म्हणजे आमच्या आज्यानं सोसलं ते बरोबरच होतं का?"

वर्गात कोणी बोलेना. एका वडीलधाऱ्यांनी प्रारब्धाचे उत्तर दिले. मागच्या जन्मीचे कर्म भोगूनच संपते, असे पोथीत याच ठिकाणी आलेले आहे. मुलगा ऐकून घेत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला लागले हे दिसत होते.

मी त्याला जे सांगितले ते इथे लिहितो. श्रीगुरुचरित्र सोळाव्या शतकातले. त्या काळच्या समाजाची घडी त्यात उतरलेली आहे आणि कर्मविपाकाच्या अध्यायात ती स्पष्ट दिसते. पोथीवर आपली श्रद्धा आहे म्हणून ते लपवण्याचे कारण नाही. पण कर्माचा विचार वापरायचा कसा, हे आपल्या हातात आहे. कर्मविपाक हा आरसा आहे. स्वतःपुढे धरला तर माणूस सुधारतो. दुसऱ्यापुढे धरून 'बघ, तुझं पाप' म्हटले की त्याचा दगड होतो. आपल्या समाजाने शेकडो वर्षे तो दगड म्हणूनच वापरला. माझ्या दुःखाबद्दल मी माझे कर्म आठवावे. शेजाऱ्याच्या दुःखाबद्दल त्याचे कर्म आठवणारा भक्त दयेतून सुटका करून घेतो, दुसरे काही नाही.

आणि तो माणूस परत कुणाकडे गेला? ज्या बायकामुलांना त्याने दूर लोटले होते त्यांच्याकडे. घरच्यांना 'शिवू नका' म्हणायला लावणारी विद्या श्रीगुरूंनी त्याच्याजवळ ठेवली नाही, असेही ही कथा वाचता येते.

मुलगा म्हणाला, "अर्धं पटलं."

मी म्हटले, "पटायचं तेवढंच पटू दे. उरलेलं अर्धं पोथीत शोधून मिळायचं नाही, ते आपल्यालाच करायचं आहे."

आपल्या परंपरेने काय केले?

ते अर्धे काम करणारे आपल्याच परंपरेत होऊन गेले आहेत. त्यांची वाट एकच दिसते. ज्याला जग खालचा किंवा परका म्हणते, त्याच्यापुढे ते शिष्य होऊन बसले.

मुळात अवधूताचे चोवीस गुरू आठवा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला ते सांगतो आणि परंपरा त्या अवधूताला दत्तात्रेय मानते. पृथ्वी, वायू, समुद्र, अजगर, मधमाशी अशी ती यादी. त्यात माणसे किती? पिंगला वेश्या, रानातला मध काढून नेणारा, बाण घडवणारा कारागीर, कांडण करताना हातातल्या बांगड्या वाजू नयेत म्हणून एकेकच ठेवणारी कुमारिका आणि एक लहान मूल. पाचांत एकही पंडित नाही, एकही मठाधिपती नाही. दत्तप्रभूंच्या पायाशी बसलेली चार कुत्री हे चार वेद, असे आपण लहान मुलांना सांगतो. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात ज्याला पाऊल टाकू देणार नाही, त्या रूपात वेद बसले आहेत.

याच अकराव्या स्कंधावर पैठणच्या एकनाथ महाराजांनी मराठी टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ ला, काशीत पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी, दत्तभक्त. आणि जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले. त्यांचे स्थान दौलताबादला आहे आणि अभ्यासक त्यांना सूफी परंपरेतले मानतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य मानले जातात. दत्तप्रभू मलंगाच्या वेशात आले आणि नाथ प्रथम ओळखू शकले नाहीत, ही कथा आपण ऐकतो. ती नुसती चमत्काराची कथा म्हणून सोडून देऊ नये. मराठी भागवतधर्माच्या एका मोठ्या खांबाची गुरुपरंपरा कुठून आली आहे, ते ती सांगते.

नाथांनी शिकलेले घरात आणले. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे पोर त्यांनी कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, पैठणच्या ब्रह्मवृंदाचा बहिष्कार सोसला, अशा आख्यायिका चरित्रकारांनी नोंदवल्या आहेत. त्यांच्या भारुडांत महार बोलतो आणि गावाला शहाणपण शिकवतो. हिंदू आणि तुर्क समोरासमोर भांडतात आणि शेवटी एकमेकांना आलिंगन देतात.

पुढे हुमनाबादजवळ माणिकनगरला श्रीमाणिकप्रभू झाले. जन्म १८१७ चा, तोही दत्तजयंतीचा. समाधी १८६५ ची. त्यांनी आपल्या संप्रदायाला नावच 'सकलमत' दिले. निजामाच्या राज्यात हिंदू, मुसलमान, लिंगायत सर्व त्यांच्या दरबारात येत.

भाषेचेही तसेच. पिठापूर आंध्रात, कुरवपूर कृष्णेच्या बेटावर, औदुंबर आणि नरसोबाची वाडी महाराष्ट्रात, गाणगापूर कर्नाटकात, गिरनार गुजरातेत. पोथी लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मायबोली कन्नड होती, असे मानले जाते. वाडीहून गाणगापूरला जाताना आपण सीमा ओलांडतो, पण पादुका कोणत्या राज्यात आहेत हे कोणी विचारत नाही. मग परत आल्यावर पलीकडच्या भाषेच्या माणसाबद्दल आपण कसे बोलतो, तेही ऐकावे.

गेल्या शतकातला आरसा

आता अवघड पान उघडू. एवढी परंपरा असून काय घडले?

मुंबईच्या कायदे कौन्सिलाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरची रेषा पुसली. पण तळ्याचे पाणी पिण्याची कोणाची छाती झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर त्या लोकांना मारहाण झाली. आणि गावाने १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ते माणसाच्या ओंजळीने बाटले! मारणारे, शुद्धी करणारे देव न मानणारे नव्हते. पूजाअर्चा करणारीच माणसे होती. तळ्याचा खटला हायकोर्टात निकाली निघायला १९३७ उजाडले.

२ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. काही वर्षे लोक दाराशी आले, दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरपूरला विठ्ठलाचे दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा ते उघडले. पुढे राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली.

ही पाने दुसऱ्या कोणाची म्हणून उलटू नयेत. परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलाला रंगावरून कोणी टोमणा मारला तर आपल्या जिवाची आग होते, व्हायलाच हवी. पण वधू-वर मेळाव्यात 'गोरी', 'स्वजातीय' हे शब्द आपण किती सहज उच्चारतो! घर भाड्याने देताना आडनाव का विचारतो? रेषा आता जमिनीवर नाहीत. त्या आडनावात, वस्तीच्या नावात, मोबाइलवरच्या एखाद्या ग्रुपात आहेत.

पंगत

तिसऱ्या गुरुवारी वर्गात ठरले की नुसता विचार पुरे, आता आपलेच मंदिर तपासू. तपासले तेव्हा एक गोष्ट दिसली. दत्तजयंतीच्या महाप्रसादाला सारा गाव येतो, ओढ्यापलीकडचेही येतात. एकाच मांडवात बसतात. पण मुदपाकखान्यात पातेल्याशी कोण असते, पंगतीत वाढपी कोण असतात, हे पाहिले तर तीच सात-आठ घरे. हे कोणी ठरवले नव्हते. चालत आले होते. बाकीच्यांनी जेवायचे, देणगी द्यायची आणि जायचे. खायला दिले म्हणजे समता झाली, असे आम्ही सगळेच धरून चाललो होतो. पण देणाऱ्याचा हात नेहमी वर आणि घेणाऱ्याचा नेहमी खाली असेल, तर रेषा जिथल्या तिथे राहते.

मग चिठ्ठ्या टाकायचे ठरले. सेवा करू इच्छिणाऱ्या प्रत्येक घराची चिठ्ठी डब्यात, लहान मुलाने उचलायची. त्यात ज्याच्या वाट्याला घेवड्याची भाजी येईल त्याने ती करायची, ज्याला खीर येईल त्याने खीर. घेवडा मुद्दाम सांगितला, कारण श्रीगुरूंनी गरिबाघरच्या घेवड्याच्या शेंगांची भिक्षा गोड मानून घेतली, ही कथा आपल्याला माहीत आहे.

सगळे सुरळीत झाले, असे लिहिणार नाही. दोन घरांनी कळवले की आम्ही दर्शनाला येऊ, जेवायला थांबणार नाही. एक आजी, ऐंशी पार केलेल्या, दिवसभर ओसरीवर बसून होत्या. त्यांच्या हयातीत असे झालेले नव्हते. घेवड्याची चिठ्ठी ओढ्यापलीकडच्या एका घराला निघाली होती. पंगत बसली. भाजीचे पातेले घेऊन त्या घरची सून आजींसमोर आली आणि थांबली. वाढू का, असे विचारायचे की नाही, हे तिलाही कळेना. आजींनी पत्रावळीकडे पाहिले, मग तिच्याकडे. म्हणाल्या, "वाढ की गं. किती वेळ वाकून उभी राहशील!" एवढेच. फार मोठे काही घडले नाही. पण प्रश्न विचारणारा तो बँकेतला मुलगा पाण्याचा जग घेऊन पलीकडच्या ओळीत उभा होता, तो बघत होता.

ती दोन घरे अजून जेवायला थांबत नाहीत. त्यांच्याशी आम्ही बोलणे तोडलेले नाही. त्यांना दूर लोटले, तर सातव्या रेषेपलीकडे उभे राहून 'शिवू नका' म्हणणारे आम्हीच ठरू.

साधकांसाठी

या सप्ताहात वाचनाबरोबर एवढे करून पाहावे, अशी विनंती आहे.

१. पारायणाच्या सात दिवसांत रोज एक रेषा शोधावी. आज मी कोणाला मनात 'तो तसलाच' म्हटले? जात, धर्म, भाषा, रंग, गाव, यांपैकी कशावरून? संध्याकाळी दिव्यापुढे बसून एका वहीत लिहावे. दुसऱ्याला दाखवायची गरज नाही.

२. ज्या समाजाबद्दल आपले मत वाईट आहे, त्यातल्या एका माणसाकडून काहीतरी शिकावे. एखादी भाजी, एखादे काम, एखादी बोली. उपकार करण्यापेक्षा शिकणे अवघड असते, कारण शिकताना खाली बसावे लागते.

३. भिक्षा घालावी तशी मागावीही. गाणगापूरला दत्तप्रभू माध्यान्हीला कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून भक्त तिथे माधुकरी वाढतातही आणि मागतातही. मागणाऱ्याला दाताराची जात विचारता येत नाही. आपल्या गावात एकदा तरी, ज्या घरचे पाणी आपण कधी प्यालो नाही, त्या घरी जाऊन पाणी मागावे.

४. कर्मविपाकाचा अध्याय वाचताना फक्त स्वतःचे नाव घालून वाचावा.

५. आपल्या मंदिरात कोण येते, एवढे पाहून थांबू नये. चाव्या कोणाकडे आहेत, पातेल्याशी कोण आहे, कार्यकारिणीत कोण आहे, हेही पाहावे.

श्रीगुरूंनी रेषा ओढवल्या त्या ओलांडण्यासाठी. आपण त्याच रेषांची कुंपणे केली. ती काढायला बाहेरून कोणी येणार नाही, आणि काढताना हात सोलवटतील. तरी यंदाच्या जयंतीला आपल्यापैकी प्रत्येकाने एक तरी रेषा पुसून पालखीपुढे यावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥